चाल उसनी, प्रार्थना आपली
शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली तळ्याकाठची एक ज्यू उन्हाळी छावणी. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपला. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभी राहतात. मध्ये वेणीसारखी पीळ घातलेली मेणबत्ती, वाइनचा पेला आणि लवंग-दालचिनीची डबी. डबी हातोहात फिरते, जो तो वास घेतो. शेवटी मेणबत्ती वाइनमध्ये विझवतात, चर्र आवाज होतो आणि आठवडा सुरू होतो. या विधीला हव्दाला म्हणतात. त्या वेळी गिटारवर जी चाल म्हटली जाते, ती मुलांना मोझेसच्या काळापासून चालत आलेली वाटते. प्रत्यक्षात ती डेबी फ्रीडमन या बाईंची, म्हणजे गेल्याच शतकातली.

अशा छावण्यांची जुनी नावं विस्कॉन्सिनमध्येच सापडतात. कॉनोव्हरची रामाह 1947 ची, ओकोनोमोवॉकची छावणी 1952 ची. याच राज्यातल्या वेबस्टर गावच्या हर्झल छावणीत 1950 च्या दशकात रॉबर्ट झिमरमन नावाचा मुलगा यायचा. पुढे तो बॉब डिलन झाला. शहरात सिनेगॉगच्या बाकावर चुळबुळ करणारी पोरं इथे काही आठवडे राहतात, पोहतात, भांडतात, प्रेमात पडतात आणि या सगळ्यात दिवसातून दोनतीनदा प्रार्थनाही गातात.

फ्रीडमन यांचा जन्म 1951 चा. त्यांना नोटेशन वाचता येत नसे. गिटार हाती घेतली ती छावणीत मुलांकडून गाणी म्हणवून घ्यायला. जोन बाएझ आणि पीटर, पॉल अँड मेरी यांच्या लोकसंगीताचा तो जमाना. त्याच धाटणीत त्यांनी हिब्रू प्रार्थनांना चाली दिल्या आणि 1972 मध्ये शाळकरी मुलांना घेऊन पहिली रेकॉर्ड काढली. सिनेगॉगमधल्या कसलेल्या गायकांनी नाकं मुरडली: ही कसली प्रार्थना, ही तर शेकोटीवरची गाणी! मुलं मोठी झाली, सिनेगॉगच्या कमिट्यांवर आली, सोबत तीच गाणी घेऊन आली. 2011 मध्ये फ्रीडमन गेल्या. त्याच वर्षी हिब्रू युनियन कॉलेजच्या धर्मसंगीताच्या विद्यालयाला त्यांचं नाव दिलं गेलं.

पण प्रार्थनेला लोकप्रिय चाल लावणं ही अर्धीच गोष्ट. उलटा प्रवास जास्त मजेचा असतो: रेडिओवरचं गाणं घ्यायचं आणि त्यात प्रार्थना शोधायची. त्यासाठी कवी-गायक लेनर्ड कोहेनसारखा दुसरा गडी नाही. त्याचे आजोबा आणि पणजोबा मॉन्ट्रियलच्या शार हाशोमायिम सिनेगॉगचे अध्यक्ष होते. 1973 च्या योम किप्पुर युद्धात तो सिनाईत जाऊन इस्रायली सैनिकांपुढे गायला आणि पुढच्याच वर्षी त्याचं ‘हू बाय फायर’ आलं.

ज्यू पद्धतीत ग्रंथ जोडीनं वाचतात, वाद घालत. त्याला हव्रुता म्हणतात. इथेही तसंच करायचं: एका कागदावर ‘उनेताने तोकेफ’ ही नववर्षाची आणि योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवसाची प्रार्थना ठेवायची, दुसऱ्यावर कोहेनचं गाणं. प्रार्थनेत येत्या वर्षी कोण कशानं मरेल याची यादी आहे: बुडून, जळून, भुकेनं, तहानेनं. कोहेन त्याच यादीत झोपेच्या गोळ्या घालतो. इथवर पंधरा वर्षांच्या पोरालाही दिसतं. खरी गंमत पुढे. प्रार्थनेत यादीनंतर उतारा आहे: पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म यांनी निवाड्याची धार बोथट होते. कोहेननं तो उताराच गाळलाय. त्याऐवजी, फोनवर अनोळखी माणसाला विचारावं तसं तो अदबीनं विचारतो की बोलावतंय कोण. हा अविश्वास की जास्त प्रामाणिक श्रद्धा? इथे जोड्या भांडू लागतात आणि भांडायलाच हवं.

‘हालेलुया’चं मात्र अति झालंय. 1984 चं हे गाणं दावीद-बथशेबा आणि शमशोन यांच्या बायबलमधल्या कथांवर उभं आहे, पण त्यात पलंगही तेवढाच आहे. तरी त्याची चाल शुक्रवारी संध्याकाळी ‘लेखा दोदी’ला बेमालूम बसते. ते सोळाव्या शतकात साफेद गावी श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेलं, शब्बाथला नववधू म्हणून सामोरं जाणारं पद. वधूच्या स्वागताला हीच चाल हवी, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. पण प्रत्येक प्रेमगीतातली ‘ती’ म्हणजे देव, असं मुलांच्या गळी उतरवणारे मास्तरही असतात. त्यांच्यापेक्षा नुसतं पोहायला गेलेलं बरं.

हे अमेरिकी फॅड आहे, असंही समजू नये. हंगेरीत काल्लोचे रब्बी यित्झाक आयझिक ताउब यांनी एका गुराख्याकडून त्याचं प्रेमगीत विकत घेतलं, अशी कथा आहे. पैसे घेताच गुराखी ते गाणं विसरला म्हणे! लुबाविच पंथाचे हसिदी ज्यू तर योम किप्पुरच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर नेपोलियनच्या फौजेचं कूचगीत गातात. चाल परक्या घरी अडकून पडली होती, आपण ती सोडवून आणली, असा त्यामागचा भाव.

आणि आपल्याकडे? कोकणातले बेने इस्रायली ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’. त्यांनी 1880 च्या सुमारास मुंबईत मराठी कीर्तनं रचायला सुरुवात केली. कीर्तनाचा साचा जसाच्या तसा हिंदू कीर्तनकारांचा, आख्यान मात्र बायबलमधलं. ओव्या, साक्या, दिंड्या सगळं आपल्या ओळखीचं. विस्कॉन्सिनमध्ये गिटार आली त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि ती आपल्या भाषेतली.

ही कीर्तनं आता क्वचितच कानी पडतात. ठाणे, अलिबाग, पेण किंवा इस्रायलमधल्या कुणा मराठी घरात कीर्तनाची जुनी वही असेल, तर ती रद्दीत घालू नका. आणि आजीला एखादी साकी अजून येत असेल, तर याच आठवड्यात मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.