एएमपीके: पेशीचा ऊर्जारक्षक

पेशीतलं एटीपी खर्ची पडलं की एएमपी वाढतं आणि एएमपीके हे विकर ते लगेच हेरतं. त्याचे तीन भाग. अल्फा प्रत्यक्ष काम करतो, बीटा बांधणी सांभाळतो आणि ग्लायकोजेनला चिकटतो. खरा जाणता गॅमा: त्याच्या चार सीबीएस तुकड्यांमुळे बनलेल्या तीन जागांवर एएमपी, एडीपी, एटीपी यांची चुरस चालते. एएमपी बसलं की अल्फाच्या १७२ व्या थ्रिओनिनवर एलकेबी१ने चढवलेला फॉस्फेट टिकून राहतो. मग चरबी बनणं मंदावतं, जाळणं वाढतं.

अल्फा आणि बीटाची प्रत्येकी दोन जनुकं, गॅमाची तीन. म्हणजे १२ जोडण्या शक्य.

एकच अमिनो आम्ल बदललं तर काय होतं, हे हॅम्पशायर डुकरांनी दाखवलं. गॅमा-३मध्ये २०० व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आलं आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन सुमारे ७० टक्क्यांनी वाढलं. मांस आम्लधर्मी आणि पाणी सोडणारं झालं. हे कोडं २००० साली उलगडलं. माणसात गॅमा-२चं जनुक बिघडलं तर ग्लायकोजेन हृदयात साठतं, भिंती जाड होतात, ठोके बिघडतात. घराण्यात असा आजार दिसला तर जनुकतपासणी टाळू नये.