पेठकिल्ल्यातला काचेआडचा समुद्र

रत्नागिरीला आलेल्या पाहुण्याचा दिवस साधारण ठरलेला असतो. सकाळी टिळकांचं जन्मस्थान, मग पतितपावन मंदिर, जेवणाआधी थिबा राजवाडा, ऊन उतरल्यावर रत्नदुर्गावरची भगवती आणि सूर्यास्ताला मांडवीची जेट्टी. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं, १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि सहाच वर्षांत तो गेला, हे सगळ्यांना पाठ असतं. या धावपळीत मध्येच तासभर उरला आणि गाडीत लहान मुलं असली, तर रिक्षावाला किंवा लॉजवाला सांगतो, ‘मत्स्यालय करून घ्या.’ उरलेल्या तासात उरकण्याची ती जागा नाही. सवड असेल तर रत्नागिरीचा दिवस तिथूनच सुरू करावा.

झाडगाव-पेठकिल्ल्याच्या बाजूला, मिरकरवाड्याच्या बंदरापासून जवळच, सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. विद्यापीठाची स्थापना १९७२ची, केंद्र त्याहूनही जुनं. मत्स्यालय आणि संग्रहालय हा त्याचा लोकांसाठी उघडा असलेला भाग. मुळात ही संशोधनाची जागा असल्यामुळे इथला थाट करमणुकीचा नाही. शहरातल्या मॉलमधल्या मत्स्यालयांत असतात तसे जांभळे-निळे दिवे आणि संगीत शोधत कुणी आला तर तो जरा गोंधळतो. आजूबाजूला मात्र असे जीव असतात, जे इथून हाकेच्या अंतरावरच्या पाण्यात खरोखर राहतात. मला या जागेचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य हेच वाटतं.

पहिली गर्दी अर्थातच देवमाशाच्या सांगाड्याभोवती. एवढं मोठं हाड कुणी आयुष्यात पाहिलेलं नसतं. मी गेले तेव्हा घाटावरच्या एका शाळेची सहल आलेली होती. पाचवी-सहावीची मुलं सांगाड्याच्या कडेनं चालत मणके मोजत होती आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येत होता. त्यांच्या बाईंनी गोंगाट न थांबवता एकच प्रश्न विचारला, ‘याला पाय होते का रे?’ सगळे हसले. मग बाईंनी सांगितलं, की देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते, नंतर पाण्यात गेले, आणि मागच्या पायांच्या जागी आजही आत मांसात दोन छोटी हाडं शिल्लक असतात. ती बाकीच्या सांगाड्याला जोडलेली नसतात. मुलं एकदम गप्प झाली आणि पुन्हा शेपटीकडून चालायला लागली, आता ती दोन हाडं शोधत. पुस्तकातला धडा आणि समोरचं हाड यांची अशी गाठ पडताना पाहायला मिळणं, हे मला त्या दिवसाचं भाग्य वाटलं.

टाक्यांपुढे लोक कसे वागतात, तेही बघण्यासारखं असतं. सगळ्यात जास्त वेळ माणसं लायन फिशपुढे थांबतात. पिसारा फुलवल्यासारखे त्याचे पर, अंगावर तांबूस-पांढरे पट्टे, आणि कसलीच घाई नसलेलं पोहणं. पाठीवरच्या काट्यांत विष असल्यामुळे त्याला घाई करायचं कारणही नसतं. ट्रिगर फिशच्या पाठीवरचा पहिला काटा एकदा उभा राहिला, की त्यामागचा दुसरा काटा त्याला अडसर घालतो. मग तो मासा कपारीत शिरून बसला तर कुणाच्या बापालाही ओढून काढता येत नाही. हे एका वडिलांनी आपल्या मुलीला स्वतःच्या दोन बोटांनी करून दाखवलं. तारामासा आणि समुद्रकाकडी मात्र लोकांच्या नजरेतून निसटतात. हलत नाही म्हणजे बघण्यासारखं काही नाही, असा आपला समज असतो. तारामाशापुढे पाच मिनिटं उभं राहावं. हाताखालच्या शेकडो बारीक नळ्यांवर तो काच चढतो, आणि त्या नळ्या एकेक करून सुटताना नि चिकटताना काचेच्या बाहेरून स्पष्ट दिसतात.

मी स्वतः अडकले ती शेवंडाच्या टाकीपाशी. टाकीत दोन शेवंड दिसत होते, त्यातला एक कडेला वाकडा पडलेला. ‘मेला वाटतं,’ मागून कुणीतरी म्हणालं. मेला नव्हता, ती कात होती. शेवंड वाढताना जुनं कवच टाकतो. पाठ आणि शेपूट यांच्यामधला सांधा उसवतो आणि तिथून सगळं अंग मागे ओढून घेतो. पडलेल्या कवचाला सगळे पाय जागच्या जागी होते, लांब मिशा होत्या, आणि डोळ्यांवरचं पातळ, पारदर्शक आवरणसुद्धा होतं. खरा शेवंड मागच्या दगडाआड मिटून बसलेला. नवं कवच टणक होईपर्यंत अंग मऊ असतं, कुणीही खाऊ शकतं, म्हणून तो त्या दिवसांत बाहेर पडत नाही. त्या रिकाम्या डोळ्यांकडे मी किती वेळ बघत होते, मलाच कळलं नाही.

एक गोष्ट मनाला लागते आणि ती लिहायलाच हवी. काचेवर टकटक करणारे हात. मुलांचं समजू शकतं, पण मोठी माणसं अंगठीचं बोट काचेवर आपटतात, मासा वळला नाही तर जोरात आपटतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याची थरथर टिपणारी एक रेषाच असते. आपल्याला टकटक वाटते ती त्याला अंगभर जाणवते, आणि पळून जायला त्याच्यामागे चार फूट पाणी असतं. मोबाइलचा फ्लॅश हा दुसरा छळ. कुणी टोकलं तर लोक ओशाळतात, पण कुणीतरी टोकावं लागतं, हेच वाईट.

कोल्हापूरकडच्या एका आजींनी मात्र सगळ्यांत चांगला प्रश्न विचारला. साऱ्या टाक्या फिरून झाल्यावर त्या नातवाला म्हणाल्या, ‘अरे, यात बांगडा कुठं दिसला नाही. सुरमई पण नाही. आपण खातो ते मासे ठेवत नाहीत होय?’ मी तो प्रश्न मनात घेऊन बाहेर पडले. उत्तर मिळालं ते मिरकरवाड्यात, एका म्हाताऱ्या तांडेलाकडून.

ओळखीतल्या एका शिक्षकानं त्यांच्याकडे नेलं होतं. सगळी वस्ती त्यांना चाचा म्हणते. गुडघे गेल्यापासून समुद्रावर जाणं बंद आहे, पण बंदरात आलेल्या प्रत्येक होडीकडे त्यांची नजर असते. जाळ्यात काही वेगळं, अनोळखी आलं की ते फेकून न देता जिवंत ठेवायचं आणि अभ्यास करणाऱ्यांपर्यंत पोचवायचं, हा छंद त्यांनी वर्षानुवर्षं केला. पैशासाठी नव्हे. ‘आपण बघितलं, ते शाळेतल्या पोरांनी पण बघावं,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

आजींचा प्रश्न मी त्यांना विचारला. चाचांनी लगेच हात हलवून दाखवला. ‘बांगडा थांबत नाय. थांबला की मेला. त्याला पळायला दर्या लागतो. टाकीत घातलास तर काचेवर नाक फोडून घेईल.’ शास्त्रही हेच सांगतं. बांगडा आणि सुरमई एकाच कुळातले, सतत पोहणारे. तोंडातून पाणी आत यावं आणि कल्ल्यांवरून जावं, यासाठी त्यांना पुढे सरकत राहावंच लागतं. जाळ्यात कोंडले की घटकेत गुदमरतात. खडकात राहणारा हेकरू, बिळात बसणारी वाम, दगडाला धरून असणारा शेवंड, हे टाकीत राहू शकतात, कारण त्यांचं घर मुळातच लहान असतं. म्हणजे ज्या माशांवर कोकण जगतं, त्यांना आपण जिवंत असे जवळून कधीच पाहत नाही. हे माझ्या डोक्यात त्याआधी आलंच नव्हतं.

मग त्यांनी जिवंत मासा आणण्याची रीत सांगितली. इतक्या बारकाव्यानं, की मला वही उघडावी लागली. कोरडा हात माशाला लावायचा नाही. ‘माणसाचा हात गरम असतो, माशाला चटका बसतो.’ अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला की तिथे जखम धरते, म्हणून जाळ्यातून सोडवतानाही मासा पाण्यातच ठेवायचा. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेला मासा घ्यायचा नाही. त्याच्या पोटातला फुगा तट्ट फुगलेला असतो, तो जगत नाही. पिंपात पाणी भरायचं ते मासा मिळाला त्याच जागेचं, बंदरातलं नव्हे. एका पिंपात एकच मासा. वर ओलं गोणपाट, कारण अंधारात मासा शांत राहतो. हवेचा छोटा पंप ते मोटारसायकलच्या बॅटरीवर चालवत आणि मुलगा गाडी हळू हाकत असे. पोचल्यावर मासा थेट टाकीत सोडायचा नाही. आधी टाकीतलं पाणी तांब्याने थोडंथोडं पिंपात घालत राहायचं, म्हणजे ऊन-थंड आणि खारटपणा दोन्ही जुळतं. ‘नवी सून घरात आणतात तसा आणायचा,’ चाचा म्हणाले. ‘घाई केलीस की गेला.’

लायन फिशचा काटा त्यांना एकदा लागला होता. उजव्या हाताचं मधलं बोट त्यांनी पुढे केलं. पेरावर अजून पांढरा वण आहे. कळ खांद्यापर्यंत गेली. घरच्यांनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला आणि मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरही अशा दंशावर गरम पाणीच सांगतात, कारण ते विष उष्णतेनं मोडतं. ज्या माशानं हे केलं तोही त्यांनी पिंपात घालून पोचवला होता. हे सांगताना त्यांच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

कासवांचा विषय निघाला तेव्हा ते जरा गंभीर झाले. पूर्वी जाळ्यात कासव आलं की जाळं वाचवायचं की कासव, हा प्रश्न गरिबाला पडायचाच. जाळं कापलं तर हजारोंचं नुकसान. २०१८च्या अखेरीस राज्य सरकारनं संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापलं तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना आणली, फोटो काढून दाखवला की झालं. चाचांना ही योजना मनापासून पटलेली आहे. त्यांचं दुखणं वेगळं आहे. ‘वेगळं काय येत नाय आता जाळ्यात. समुद्रघोडा शेवटचा कधी बघितला, आठवत नाय.’ पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले, दिवे लावून मासेमारी करण्यावर २०१७ साली बंदी आली, तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतोच, असं बंदरातले सगळेच सांगतात. लहान होडीवाल्याच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं. त्यांच्याशी बोलल्यावर मत्स्यालयातल्या टाक्यांकडे बघण्याची माझी नजर बदलली. तिथला एखादा जीव बाहेरच्या पाण्यात दुर्मीळ होत चालला असेल, हे मनात ठेवून तिथे फिरायला हवं.

मुंबईकर वाचकांना इथे तारापोरवालाची आठवण येणं अपरिहार्य आहे. मरीन ड्राइव्हवरचं ते मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुलं झालं, एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभं राहिलं, आणि चर्नी रोडच्या पुलावरून उतरलेल्या किती पिढ्यांनी पहिला जिवंत मासा तिथेच पाहिला. २०१५ साली नूतनीकरण होऊन बारा फुटांचा काचेचा बोगदा झाला. डोक्यावरून मासे जाताना बघून माझी भाची माझा हात घट्ट धरून चालली होती. २०२० साली कोरोनात दारं बंद झाली, पुढे इमारत धोकादायक ठरली, आणि मुंबईतल्या मुलांची एक अख्खी फळी ते न बघताच मोठी होते आहे. समुद्राच्या मांडीवर बसलेल्या शहरात समुद्र आतून दाखवणारी सार्वजनिक जागा इतकी वर्षं बंद असावी, याचं वाईट वाटतं. नव्या मत्स्यालयाच्या चर्चेत बोगद्याची लांबी आणि परदेशी माशांची नावं फार ऐकू येतात. किनाऱ्यावरचा हेकरू, वाम, केंड, पाकट यांना पहिला मान मिळावा आणि पाटीवर इंग्रजी, लॅटिन नावांच्या बरोबरीनं कोळ्यांनी ठेवलेली नावं ठळक अक्षरात असावीत, एवढी माझी मागणी आहे.

रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठी थोडं. सहलींच्या हंगामात, डिसेंबर-जानेवारीत, सकाळी लवकर जावं. बसगाड्या यायला लागल्या की टाक्यांपुढे उभं राहायला जागा मिळत नाही. मुलांना काचेवर हात न मारण्याबद्दल आत शिरण्याआधीच सांगून ठेवावं. आणि तिथून निघाल्यावर होड्या परतण्याच्या सुमारास मिरकरवाड्याच्या बंदरावर जावं. लिलावाच्या गडबडीत कोळणींच्या वाटेत उभं राहू नये, पण बाजूला थांबून टोपल्यांत काय काय आलंय ते बघावं आणि विचारावं. सवड असली तर माणसं भरभरून सांगतात. जूनचे आणि जुलैचे दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा मात्र बंदर रिकामं असतं. होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि जाळी विणायला बसलेल्या माणसांकडे बोलायला भरपूर वेळ असतो. चाचा म्हणतात, त्यांना गाठायचं असेल तर त्या दिवसांत यावं.