किमया आपल्या ओळखीची

मी कलाशाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा. रसायनशास्त्रावर मी काय बोलणार, असं कुणाला वाटेल. पण इथे अडचण शब्दांचीही आहे.

शिर्डी-राहाता परिसरातून कोपरगाव, लोणी, संगमनेरला विज्ञान शिकायला जाणारी कितीतरी मुलं मराठी शाळांतली असतात. आम्ल, आम्लारी, क्षार, संयुजा हे त्यांचे पाठ झालेले शब्द. पुढे तेच ॲसिड, बेस, सॉल्ट, व्हॅलन्सी होऊन येतात. मुलगा गप्प बसतो. धडा कळत असतो, पण शंका कोणत्या शब्दांत विचारायची ते कळत नाही. हळूहळू त्याला वाटू लागतं, हा विषय आपला नाही.

खरं तर मराठीतली ‘किमया’ आणि इंग्रजीतली ‘केमिस्ट्री’ या दोघी अरबी ‘कीमिया’च्याच लेकी. ‘अल्कोहोल’ हा शब्द ‘अल्-कुह्ल’वरून, म्हणजे डोळ्यांत घालायच्या सुरम्यावरून आला.

शब्दांसारखीच उदाहरणंही जवळ आहेत. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. तसाच तापवला तर त्यातली साखर मोडते. म्हणून साखर कारखान्यात त्यात कालवलेला चुना घालतात आणि गंधक जाळून केलेला वायू सोडतात. जास्तीच्या चुन्याचा क्षार होऊन खाली बसतो, जाताना रसातला मळही घेऊन जातो. आम्ल, आम्लारी, क्षार हा सगळा धडा इथेच आहे. ज्याच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, त्याला तो परका का वाटावा?

शिक्षकांनी पहिले काही आठवडे फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत. मराठीत विचारलेल्या शंकेला हसू नये, कुणाला हसू देऊ नये. मुलांनीही एकेकटं घोकत बसू नये. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९०च्या दशकात रसायनशास्त्रासाठी एक पद्धत रुजली. हा विषय चांगला पार केलेला विद्यार्थी सहा-आठ नव्या मुलांना घेऊन बसतो. तो उत्तर सांगत नाही. मुलांना आपसांत बोलून ते शोधायला लावतो.

याला पैसा लागत नाही. एक रिकामी खोली, आठवड्यातले दोन तास आणि पुढच्या वर्गातला एक समंजस दादा किंवा ताई पुरे. परीक्षेत नापास झालेला मुलगा यादीत दिसतो. गप्प बसलेला दिसत नाही. त्याला आधी शोधायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)