बावीस अंशांचं कडं

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर रात्रीतून पांढरे पट्टे मारून झाले होते. सकाळी दहाच्या सुमारास तिथून चालताना माझ्या डोक्याच्या सावलीभोवती रंगांचं एक कडं दिसलं, बाहेरून लाल, आतून निळसर. मी चार पावलं पुढे गेलो, तर कडंही माझ्याबरोबर सरकलं. खाली बसून डांबरावर बोट फिरवलं, तेव्हा रव्यासारखे बारीक काचेचे मणी बोटाला चिकटून आले.

रस्त्यावर मारलेला पट्टा अजून गरम असतानाच त्यावर हे मणी टाकतात. काही आधीच रंगात कालवलेले असतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश मण्यात शिरतो, मण्यामागच्या पांढऱ्या रंगावर एकवटतो आणि बराचसा आल्या वाटेने परत जातो. म्हणून रात्री पट्टा दुरूनच उजळतो. पावसात मण्यांवर पाण्याचा थर चढला की तो अंधूक होतो, हे घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलं असेल. पट्ट्याबाहेर सांडलेले मणी मात्र काळ्या डांबरावर मोकळे पडतात, आणि तिथे त्यांचं दुसरं रूप दिसतं.

पावसाच्या थेंबात घडतं तेच मण्यात घडतं. किरण आत शिरताना वाकतो, मागच्या बाजूवरून एकदा परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. मण्याच्या मधोमध शिरलेला किरण सरळ उलटा फिरतो. जसजसं कडेकडे जावं तसतसा परतीचा कोन वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच; तिथून तो पुन्हा कमी होऊ लागतो. झोका टोकाला पोहोचला की क्षणभर रेंगाळतो, तसे किरण त्या मर्यादेच्या कोनाशी दाटी करतात. प्रकाशाची ती दाटी म्हणजेच इंद्रधनुष्य. प्रत्येक रंग काचेत थोडा वेगळा वाकतो, म्हणून प्रत्येकाची मर्यादाही वेगळी. लाल रंगाची सर्वांत मोठी, म्हणून तो बाहेर.

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणून आकाशातल्या धनुष्याचा कोन सुमारे ४२ अंश भरतो. साध्या काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास, आणि तेवढ्या फरकाने कोन जवळजवळ निम्म्यावर, सुमारे २२ अंशांवर येतो. सूर्य ४२ अंशांहून वर चढला की सपाट जमिनीवर उभं राहून पावसातलं धनुष्य दिसत नाही. मण्यांचं मात्र भर दुपारीही दिसेल, कारण ते पायाशीच पसरलेले असतात. सूर्य डोक्यावर असेल तर सावलीपासून जेमतेम दोन फुटांवर पूर्ण गोल उमटेल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र आठवून कोणी याला तेच म्हणेल, पण ते नव्हे. इंद्रवज्राचं वलय बरंच लहान असतं आणि धुक्याच्या अतिसूक्ष्म थेंबांत प्रकाशलहरींच्या विवर्तनातून व व्यतिकरणातून ते घडतं.

एकट्या थेंबाचा अभ्यास करायला काच वापरण्याची युक्ती मात्र जुनी आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणात कमालुद्दीन अल-फारिसी आणि जर्मनीत फ्रायबर्गचा थिओडोरिक, दोघांनी एकमेकांची खबर नसताना पाण्याने भरलेला काचेचा गोल थेंबाच्या जागी ठेवला आणि आतल्या किरणांची वाट शोधली.

आपल्याला घरी याहून देखणं काही करता येतं. दोन फूट लांब-रुंद काळा पुठ्ठा घ्या, त्यावर डिंकाचा पातळ हात फिरवा आणि रांगोळी सोडावी तसे चिमटीतून मणी भुरभुरा. फरशीवर सांडू देऊ नका, पाय हमखास घसरतो. बारीक पूड नाकातही जाऊ देऊ नका. डिंक वाळला की पुठ्ठा भिंतीला टेकवून उभा करा आणि खोलीत अंधार करा. एक छोटा पांढरा एलईडी पुठ्ठ्यासमोर फूटभर अंतरावर धरा, तोंड पुठ्ठ्याकडे, पाठ काळ्या कागदाने झाकलेली. तुम्ही तीन-सव्वातीन फुटांवर बसा, डोळे दिव्याच्या रेषेत. सुमारे सव्वा फूट रुंदीचं कडं दिसेल, पण ते पुठ्ठ्यावर चिकटलेलं वाटणार नाही. पुठ्ठ्याच्या पुढे, दिव्याच्या आसपास, हवेत टांगल्यासारखं दिसेल.

ते हवेत का दिसतं, याचं उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. दिवा, मणी आणि डोळा यांनी मण्यापाशी केलेला कोन २२ अंशांचा भरला, तरच तो मणी रंग देतो. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात, हे प्रमेय आठवा: दिवा आणि डोळा जोडणाऱ्या रेषाखंडावर असा कंस काढा आणि त्या रेषेभोवती फिरवा, की सफरचंदासारखा पृष्ठभाग तयार होतो. तो पुठ्ठ्याला जिथे छेदतो तिथले मणी उजळतात. आता आपले डोळे दोन, म्हणून सफरचंदंही दोन. डाव्या डोळ्याला उजळ दिसणारे मणी थोडे उजवीकडचे असतात, उजव्या डोळ्याला दिसणारे थोडे डावीकडचे. मेंदू या दोन कड्यांचं एक करतो आणि त्याला पुठ्ठ्याच्या अलीकडे जागा देतो.

डोकं उजवीकडे न्या, कडं डावीकडे सरकतं. एकाच मण्यावर नजर ठेवून मान अगदी सावकाश हलवा, तो निळ्याचा हिरवा, हिरव्याचा लाल होत जातो आणि मग विझतो. मग एक डोळा मिटा. हवेतलं कडं त्याच क्षणी पुठ्ठ्यावर जाऊन बसतं. उघडा, पुन्हा सुटून पुढे येतं.