प्रवासातील खाणे आणि मराठी प्रवासवर्णन : कोल्हापूरच्या हॉटेलांच्या निमित्ताने

परगावी गेलेला मनुष्य तेथील देऊळ पाहतो, राजवाडा पाहतो आणि मधल्या वेळेत कोठेतरी खातो. प्रवासवर्णनात मात्र देवळाला व राजवाड्याला स्वतंत्र प्रकरण मिळते आणि खाण्याच्या वाट्याला फार तर एखादा विनोदी परिच्छेद येतो. खाण्याचे हे दुय्यमत्व साहित्यविचारानेही बहुधा निमूटपणे स्वीकारले आहे. रस्त्यावरील गाड्या, खाणावळी व लहान हॉटेले यांतील प्रवाशाच्या खाण्याकडे प्रवासवर्णनाचे अभ्यासद्रव्य म्हणून कसे पाहता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी कोल्हापूर घेतले आहे. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी आज महाराष्ट्राबाहेरील हॉटेलांतही मिळते, आणि तेथे 'कोल्हापुरी' या विशेषणाचा अर्थ 'तिखट' एवढाच उरला आहे. एका गावाचे नाव एका चवीपुरते आक्रसते तेव्हा नेमके काय गळून पडते, हा या लेखापुढील प्रश्न आहे.

१. पूर्वपीठिका

प्रवास आणि अन्न यांचा संबंध मराठी गद्याइतकाच जुना आहे. 'लीळाचरित्रा'तील चक्रधरांच्या परिभ्रमणात भिक्षा, भोजन आणि नानाविध खाद्यपदार्थ यांचे उल्लेख वारंवार येतात. तेथे अन्न कोणाच्या घरचे व कोणी वाढलेले, या प्रश्नाला आचारधर्माचे मोल आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील प्रवास १८५७ च्या धामधुमीतला आहे. त्या काळच्या ब्राह्मण प्रवाशाची भोजनाची सोय म्हणजे स्वतःच्या हातचा स्वयंपाक, स्वजातीयांचे घर किंवा अन्नछत्र. ज्याने त्याने रांधलेले, पैसे देऊन, अनोळखी माणसाच्या शेजारी बसून खाणे ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसत नव्हती.

त्यानंतर रेल्वे पसरली, शहरांत खाणावळी व चहाची दुकाने आली, आणि प्रवासी हळूहळू 'गिऱ्हाईक' झाला. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०) येताना खाण्याभोवतीचे सोवळ्याचे भय जवळजवळ विरून गेलेले दिसते. त्याची जागा कुतूहलाने व विनोदाने घेतली आहे. सोवळ्याकडून चवीकडे झालेला हा प्रवास मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानावा लागेल. परंतु तो सर्वांच्या बाबतीत एकाच वेळी व एकाच वेगाने घडला, असे समजणे चुकीचे ठरेल. या मुद्द्याकडे पुढे परत यावयाचे आहे.

२. नावे आणि भेद

प्रथम नावांचा विचार करू. शासकीय मराठीत 'उपाहारगृह' हा शब्द आहे व पाट्यांवर तो रुळलाही. बोलण्यात मात्र 'हॉटेल' हाच शब्द राहिला. इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ मुक्कामाची जागा असा आहे. मराठीत चार बाकडी आणि एक शेगडी असली तरी ते हॉटेल होते. 'खाणावळ' या शब्दात मासिक हिशेब, ठरलेले ताट व ओळखीचा वाढपी गृहीत आहे. 'गाडी'वर उभ्याने खाल्ले जाते. कोल्हापुरात याखेरीज 'कट्टा' आहे. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध ग्राहकाच्या हाती दिले जाते. खासबागेचे कुस्तीमैदान (१९१२), गल्लोगल्लीच्या तालमी आणि पैलवानाचा खुराक यांच्याशी या कट्ट्याचे नाते आहे. तिखटाचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगराच्या खाद्यसंस्कृतीत दूध आणि गूळ यांचे स्थान किती मोठे आहे, हे प्रचलित विशेषणातून पहिल्यांदा गळते.

दुसरे उदाहरण मिसळीचे. मटकीची उसळ, त्यावर फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, सोबत पावाऐवजी बहुधा ब्रेडचे तुकडे आणि या सर्वांवर 'कट'. विदर्भात ज्याला 'तर्री' म्हणतात व पुण्याकडे जो 'सॅम्पल' म्हणून मागवला जातो, त्याच्याशी हा कट जुळता आहे. या शब्दाचा मराठी घरातील जुना अर्थ निराळा आहे. पुरणासाठी शिजविलेल्या हरभऱ्याच्या डाळीचे निथळलेले पाणी तो कट, आणि त्याची केलेली ती कटाची आमटी. सणाच्या स्वयंपाकघरातील आणि हॉटेलातील हे दोन्ही पातळ पदार्थ एकाच नावाने ओळखले जावेत, हे शब्दार्थाच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखे आहे.

काही वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेसाठी आलेल्या एका प्राध्यापक स्नेह्यांना घेऊन आम्ही मिसळ खावयास गेलो. त्यांनी धास्तावून "कमी तिखट द्या" असे सांगितले. वाढपी म्हणाला, "कट वेगळा देतो सर. लागंल तसा घाला." या एका वाक्यात एक संपूर्ण खाद्यविचार आहे. तिखटपणा पदार्थात कायमचा मिसळलेला नसून त्याचे प्रमाण खाणाऱ्याच्या हाती आहे, असा त्याचा आशय. मांसाहारी ताटातही हेच तत्त्व दिसते. मटण शिजवतानाच्या अळणी पाण्यातून दोन रस्से निघतात. कांदा-लसूण चटणीचा तांबडा, आणि नारळाचे दूध, खसखस, तीळ यांसारख्या वाटणाचा सौम्य पांढरा. लहान मुलांना व आजाऱ्यांना नुसते अळणी देतात. ताटात तांबडा आणि पांढरा शेजारी येतात ते परस्परांना तोलण्यासाठी. बाहेरच्या जगाने यांतील एकच वाटी उचलली आणि तिला गावाचे नाव दिले.

रंग आणि तिखटपणा यांतही फरक करावयास हवा. ब्याडगी मिरची रंगाने गडद व तिखटाला सौम्य. संकेश्वरी तिच्याहून तिखट. ही दोन्ही गावे आज कर्नाटकात आहेत. मिरची हे पीकही मुळात अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या मार्फत सोळाव्या शतकात इकडे आलेले. तेव्हा ज्याला आपण 'अस्सल कोल्हापुरी' म्हणतो त्याच्या घडणीत सीमेपलीकडचा बाजार आणि समुद्रापलीकडचे बी, दोन्ही आहेत. 'अस्सल' हा शब्द अभ्यासकाने जपून वापरावा, तो यासाठी.

३. कोण बसू शकत होते?

आता मघाच्या मुद्द्याकडे वळू. रस्त्यावरचे खाणे सर्वांना खुले असते, हे आजचा लेखक गृहीत धरतो. कोल्हापूरचा इतिहास हे गृहीतक तपासावयास लावतो. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेले गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतंत्र व्यवसाय करण्यास सांगितले व साहाय्य दिले. कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' नावाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हॉटेलात चहा पिण्यास सवर्ण गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेत आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा इत्यादी ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करणारे त्यांचे आदेश १९१९ चे आहेत. कायद्याने जे सांगितले ते चहाच्या एका कपाने लोकांसमोर करून दाखविले. पुढे १९५० मध्ये अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांतील प्रवेशाबाबत भेदभावास मनाई करताना हॉटेलांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. संविधानकर्त्यांना हॉटेलाचे नाव घ्यावेसे वाटले, यावरूनच त्या बाकड्यावर बसण्याचे मोल कळते.

या प्रकाशात चवीचे लेखन पुन्हा वाचावयास हवे. लेखक निर्धास्तपणे हॉटेलात शिरतो, पदार्थाची तारीफ करतो, पैसे देतो व निघतो. त्याच्या या सहजतेमागे एक सामाजिक इतिहास आहे आणि त्याचा उच्चार प्रवासवर्णनात क्वचितच होतो. भूक, अन्नाची प्रत आणि पंगतीतून वगळले जाणे यांचा उच्चार मराठीत प्रामुख्याने 'बलुतं' (१९७८) व त्यानंतरच्या दलित आत्मकथनांनी केला. म्हणून प्रवासवर्णन आणि आत्मकथन हे दोन वाङ्मयप्रकार खाण्याच्या संदर्भात एकमेकांशेजारी ठेवून वाचणे आवश्यक वाटते. स्त्रियांच्या बाबतीतही असाच प्रश्न आहे. हॉटेलांतील 'फॅमिली रूम'ची पाटी ही सोय आहे. त्याचबरोबर बाहेरची बाकडी कोणाची मानली जात, याचा तो पुरावाही आहे. एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीने हॉटेलातील खाण्याविषयी काय लिहिले, आणि काय लिहिले नाही, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊ शकेल.

४. समारोप

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात तीन दिशांनी काम करता येईल. एक, हॉटेलांच्या पाट्या, दरफलक व वाढप्यांची बोली यांतील शब्दसंग्रह प्रत्यक्ष जाऊन टिपणे. कोशांत न आलेले अर्थ तेथे सापडतील. दोन, प्रवासवर्णनांतील खाण्याचे प्रसंग वेचून, लेखक कोठे बसला, शेजारी कोण होते, कोणी वाढले व उष्टे कोणी उचलले, हे प्रश्न त्यांना विचारणे. तीन, 'झणझणीत', 'अस्सल', 'गावरान' या विशेषणांचा वापर कोण, कोणासाठी करतो, हे पाहणे.

कोल्हापूरला येणाऱ्या प्रवाशाने मिसळ जरूर खावी, पांढरा रस्साही चाखावा आणि संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यावे. मात्र गावाविषयी लिहावयास बसल्यावर भाऊसिंगजी रस्त्यावरचा तो चहा त्याला आठवला पाहिजे. जिभेला लागलेली चव तो घरी नेईल. ती चव घेण्यासाठी ज्या बाकड्यावर तो बसला, ते सर्वांसाठी मोकळे होण्यास किती वर्षे लागली, हे सांगणे प्रवासवर्णनाचे काम आहे.