व्याजावर व्याज आणि परदेशी निवाडा

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतले लहान कारखानदार कर्जासाठी निर्यातीचे करार घेऊन बँकेत येत. किंमत, माल, जहाजाची तारीख त्यांना तोंडपाठ असे. शेवटच्या पानावरचे 'वाद उद्भवल्यास लवाद परदेशात' हे कलम मात्र कोणी वाचलेले नसे. मी त्यावर बोट ठेवले, की उत्तर ठरलेले : "साहेब, भांडायचंय कुणाला?"

अशांनी रेणुसागरचा खटला जरूर वाचावा. रेणुकूटच्या औष्णिक वीजकेंद्रासाठी रेणुसागर कंपनीने 1964 साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार केला. पैसे हप्त्यांनी, वचनचिठ्ठ्यांवर. पुढे हप्ते आणि व्याज यांवरून बिनसले. 1982 मध्ये प्रकरण इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या लवादाकडे गेले. रेणुसागरने मुंबई उच्च न्यायालयात हरकत घेतली, ती 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली नाही. 1986 साली निवाडा जनरल इलेक्ट्रिकच्या बाजूने लागला. पण निवाडा म्हणजे पैसे नव्हेत! वसुलीसाठी पुन्हा मुंबई उच्च न्यायालय, पुन्हा दिल्ली. शेवटचा निकाल 7 ऑक्टोबर 1993 रोजी लागला. कराराला तोवर एकोणतीस वर्षे झाली होती.

निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असा रेणुसागरचा बचाव होता. परकीय चलनाचा कायदा मोडतो, व्याजावर व्याज लावले आहे, वगैरे. (हा दुसरा मुद्दा एखाद्या कर्जदाराने आमच्या बँकेत मांडून पाहायला हवा होता!) न्यायालयाने तो मानला नाही. सार्वजनिक धोरणाचा अर्थ संकुचितच घ्यायचा : कायद्याचे मूलभूत धोरण, देशाचे हित, न्याय व नीती. लवादाचे चुकले की बरोबर, हे पुन्हा तपासत बसायचे नाही.

1961 चा जुना कायदा जाऊन 1996 चा आला. 2015 च्या दुरुस्तीने हीच चौकट आणखी आवळली. ते योग्यच झाले, असे माझे मत. कारण 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे आपल्या निर्यातदाराचा निवाडाही परदेशात असाच चालायला हवा. मात्र निवाडा ज्या देशात झाला तो आपल्या राजपत्रात अधिसूचित नसेल, तर हा मार्ग इथे बंद.

आणि कागद? अर्जासोबत मूळ निवाडा किंवा त्याची साक्षांकित प्रत लागते, तसेच लवादाचा मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत. मरोळहून आमच्या टेबलावर येणारा करार बहुधा फॅक्सवर आलेला असे, आणि त्याची शाई वर्षभरात उडून जाई.