परदेशी जाताना भारतातील मोबाइल क्रमांक जपा

गोव्याप्रमाणेच वडोदऱ्यातील अनेक मराठी कुटुंबांची मुले परदेशी स्थायिक झाली आहेत. तेथील गोरवा भागातील एखादे निवृत्त दांपत्य मुलाकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघते, तेव्हा लोणच्यापासून औषधांपर्यंत सारे आठवणीने बांधले जाते. मोबाइलचा विचार मात्र राहून जातो. तिकडे नवे सिम मिळताच जुने काढून ठेवले जाते आणि निवृत्तिवेतनाच्या खात्याचा व्यवहार करताना बँकेचा ओटीपी येतच नाही.

परदेशात फोन सुरू होताच तेथील नेटवर्क सिमवरून मूळ कंपनी ओळखते आणि ग्राहकाला सेवा द्यावी का, याची तिच्याकडे खातरजमा करते. हेच आंतरराष्ट्रीय रोमिंग. ते निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावे. गोरव्यातून फोन करणारा नातेवाईक देशांतर्गत दरच मोजतो. कॉल पुढे परदेशात पोहोचवण्याचा खर्च मात्र तो घेणाऱ्यावर पडतो. म्हणून रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही शुल्क लागते. येणारे एसएमएस बहुतेक कंपन्यांकडे निःशुल्क असतात.

यावर उपाय सोपा आहे. दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम सुरू ठेवून त्याचे ‘डेटा रोमिंग’ बंद करावे आणि इंटरनेटसाठी स्थानिक सिम किंवा ई-सिम वापरावे. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच क्रमांकावर चालू राहते, त्यामुळे घरच्यांशी बोलणे त्यावरून करता येते. अमेरिकेतील प्रमुख कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी सेवा बंद केली. त्यामुळे जुना फोन तेथे फोर-जीवरून कॉल करू शकतो का, हेही आधीच तपासावे.

खरा धोका मुक्काम लांबल्यावर संभवतो. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार सलग ९० दिवस न वापरलेले प्रीपेड सिम बंद केले जाऊ शकते. पुढे तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकालाही मिळू शकतो. बँकेत नोंदवलेला क्रमांक असा परक्या हाती गेला, तर ओटीपीही त्याच्याच फोनवर जाईल. सिम नुसते कपाटात जपून ठेवल्याने क्रमांक टिकत नाही. रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपर्यंत पुरते की नाही, हे विमानाचे तिकीट काढतानाच पाहावे. पुरत नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी रिचार्ज करण्याचे काम घरातील एखाद्याकडे सोपवून निघावे.